विश्लेषण : रोजकीर्द ते ‘एकबेरीज’… नाना फडणवीसांचे दफ्तर आणि आजचे ‘ग्रुप बाय’

रोजच्या नोंदी हजारोंनी असतात, पण मालकाला हवी असते महिन्याची आणि सालाची एक ओळ. हे काम आज संगणकात एसक्यूएल या भाषेतील ‘ग्रुप बाय’ ही आज्ञा करते. अडीचशे वर्षांपूर्वी तेच काम पुण्याच्या हुजूर दफ्तरात बोरू आणि मोडी लिपीच्या जोरावर चाले, आणि त्या दफ्तराची सूत्रे होती नाना फडणवीस यांच्याकडे. शनिवारवाड्यातील कारस्थानांमुळे नाना सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची खरी सत्ता मात्र बेरजेत होती. ती बेरीज कशी चाले, आणि थांबली तेव्हा खान्देशासारख्या प्रांताचे काय झाले?

फडणीस म्हणजे नेमके कोण?

फर्द म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. फर्दनवीस, फडनवीस, फडणीस असा हा शब्द घासत आला. भानूंचे घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यासोबत दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तिथल्या दंगलीत मारले गेले. घराण्याकडे फडणिशी राहिली. नातू बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना, १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात जन्मले. वडील जनार्दनपंत लवकर गेले आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात फडणिशीचा कारभार आला.

मराठी राज्यात तलवारीवर मोठे झालेले पुष्कळ. कागदावर मोठे झालेले त्या मानाने थोडे, आणि त्यात नानांचे नाव पहिले.

पानिपतावरून परतलेला कारकून

१७६१ च्या जानेवारीत नाना पानिपतावर होते. लढायला नव्हे, भाऊसाहेबांच्या लवाजम्यात. वय एकोणीसच्या आतच. सोबत आई आणि पत्नी. आई त्या धुमाळीत कायमची हरवली, पत्नी वाचली, आणि नाना वेष पालटून कसेबसे दक्षिणेत परतले. पुढे त्यांनी स्वतःच्या आयुष्याची एक छोटी हकिकत लिहून ठेवली. त्या काळच्या मानाने ती विलक्षण मोकळी आहे, स्वतःच्या उणिवाही तिने लपवलेल्या नाहीत.

पानिपताने माणसे गेली, तसा पैसाही गेला. थोरले माधवराव पेशवे झाले तेव्हा राज्यावर कर्जाचा डोंगर होता. अशा वेळी किती जमा, किती खर्च, किती देणे, हे नक्की सांगणारा माणूस सेनापतीइतकाच मोलाचा ठरतो. फडणिशीचे काम नाना आणि त्यांचे चुलतभाऊ मोरोबादादा यांच्यात वाटलेले होते. याच काळात नानांनी दफ्तराच्या व्यवस्थेत बऱ्याच सुधारणा केल्याचे नंतरच्या इंग्रज अहवालांत नोंदले आहे.

खान्देशातला रुपया पुण्यात कसा दिसे?

पश्चिम खान्देशात पांझरेच्या काठी, गुजरातच्या सीमेलगतच्या डोंगराळ पट्ट्यात पिंपळनेर वसले आहे. इंग्रजी अमदानीत ते खान्देश जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव होते. आज ते धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात येते. पेशवाईत खान्देशाचे महाल पेशवे, होळकर आणि शिंदे यांच्यात वाटलेले होते. पिंपळनेरसारख्या गावातून पुणे कित्येक मजलांवर. तिथल्या वसुलीतला रुपया पुण्यात बसलेल्या फडणिसाला दिसायचा कसा?

गावात पाटील वसूल करी आणि कुळकर्णी लिहून ठेवी. त्याच्यावर कमाविसदार किंवा मामलेदार. सालाच्या सुरुवातीला हुजुरातून मामलेदाराला बेहेडा मिळे. बेहेडा म्हणजे अंदाजपत्रक : या मुलखातून इतके यावे, त्यातले इतके इथेच खर्चावे, बाकीचे हुजुरात भरावे. पण खरी गंमत पुढे आहे. मामलेदाराच्या कचेरीतील दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस हे दरखदार त्याने नेमलेले नसत. त्यांची नेमणूक वरून होई आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. पोतनीस रोकड आणि शिल्लक लिही. फडणीस रोजच्या व्यवहाराला तारीख घालून रोजकीर्द ठेवी. दफ्तरदार त्या रोजकीर्दीवरून खतावणी करी आणि महिन्याची तेरीज, म्हणजे गोषवारा, पुण्याला पाठवी.

म्हणजे पैसे गोळा करणारा एक, तारीख घालणारा दुसरा आणि बेरीज करणारा तिसरा. मामलेदाराने लबाडी करायची म्हटली तरी तिघा-चौघांना सामील करून घ्यावे लागे. तसे होतही असे, दरखदारांची आणि मामलेदारांची मिलीभगत काही अपूर्व नव्हती. तरीही महिन्याची ओळ पुण्यात येऊन पडे, आणि मागच्या सालच्या त्याच महिन्याशी ती ताडून बघता येई.

‘एकबेरीज’ काय होती?

पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून राबत. त्याचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर म्हणजे रोजचे हुकूम, सनदा, रोजकीर्दी, बेहेडे. हे फडणिसाच्या हाताखाली. दुसरे एकबेरीज दफ्तर. रोजच्या कामाला ते लागत नसे, म्हणून पेशवे मोहिमेवर गेले तरी ते पुण्यातच राही. सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे येत आणि वर्गवार लावले जात. अवघ्या राज्याची त्या सालची जमा, खर्च आणि शिल्लक एका नजरेत दिसावी असे गोषवारे तिथे तयार होत. खर्चाच्या प्रत्येक बाबीची सालवार खतावणीही तिथेच होई.

नावातच सगळे आले. हजारो रोजकीर्दींची मिळून एक बेरीज.

हेच काम एसक्यूएल कसे करते?

१९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती रकाने आणि ओळी असलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. बँकेचे पासबुक, रेल्वेचे आरक्षण, वीजबिल या सगळ्यांच्या मागे आज हीच भाषा किंवा तिचे भाऊबंद असतात.

समजा, पिंपळनेरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या तक्त्यात तारीख आणि रक्कम असे दोनच रकाने आहेत. चार नोंदी : ५ मार्च २०२४ ला ३०,००० रुपये, १९ मार्च २०२४ ला २५,०००, २८ एप्रिल २०२४ ला ४०,००० आणि ७ मार्च २०२५ ला ५०,०००. ही झाली रोजकीर्द. आता संगणकाला सांगायचे की प्रत्येक तारखेतून वर्ष आणि महिना काढ, ज्या ओळींचे वर्ष-महिना सारखे आहेत त्यांची एक चळत कर आणि प्रत्येक चळतीतील रकमा मिळव. चळत करण्याचा भाग म्हणजे ‘ग्रुप बाय’. मिळवण्याचा भाग म्हणजे ‘सम’. उत्तर तीन ओळींचे येते : मार्च २०२४ चे ५५,०००, एप्रिल २०२४ चे ४०,००० आणि मार्च २०२५ चे ५०,०००. त्याखाली सगळ्यांची मिळून १,४५,००० ही ओळ हवी असेल तर ‘रोलअप’ हा शब्द जोडायचा. पेशवाईच्या भाषेत दफ्तरदाराची तेरीज म्हणजे ग्रुप बाय, आणि रोलअप म्हणजे एकबेरीज.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात. वर्ष न घेता नुसत्या महिन्यावर चळत लावतात. मग दोन्ही मार्च एकत्र होतात आणि मार्चचे १,०५,००० दिसतात. बेरीज अचूक, अर्थ चुकीचा. अशी चूक पकडणे फार अवघड, कारण संगणक कुरकुर करत नाही.

पण साल सुरू कधी होते?

नानांच्या कारकुनांना ही अडचण रोजची होती, आणि आजच्यापेक्षा वाईट रूपात. पेशवे दफ्तरातील साल हे शुहूर सन. ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे अगदी रास्त : पेरणीपासून वसुलीपर्यंत सगळे एका सालात. त्याला मृगसालही म्हणत. पण महिने आणि तारखा मात्र मोहरम, सफर अशा चांद्र. सालाचा आकडाही अरबी शब्दांत लिहिला जाई : खमस सबैन मया व अलफ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४ चा जून येतो.

आता गोची बघा. मृगसाल ३६५ दिवसांचे, बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे. म्हणजे सालाच्या पहिल्या अकराएक दिवसांच्या तारखा सालाच्या शेवटी पुन्हा येणार. साल तेच, महिना तोच, तारीख तीच, पण दिवस दोन. एक पेरणीचा, दुसरा पुढच्या पेरणीच्या तोंडावरचा. वर्ष आणि महिना दोन्ही धरून चळत लावली तरी दोन निराळ्या काळांतल्या रकमा एकत्र पडतील. त्यावर तोडगा म्हणून तारखेजवळ अव्वल साल किंवा आखेर साल अशी खूण करत. आजच्या भाषेत बोलायचे तर गट पाडण्यासाठी आणखी एक रकाना जोडला. ही खूण राहून गेलेला कागद सापडला की इतिहास संशोधक आजही अडतात.

आजही प्रत्येकाचे साल वेगळे. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला मोजायची रीत आहे. मध्ये अधिक महिना आला की तेच साल तेरा महिन्यांचे होते. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला, दिनदर्शिकेचे १ जानेवारीला. वरच्या व्यापाऱ्याचाच हिशेब घ्या. दिनदर्शिकेने २०२४ ची विक्री ९५,००० आणि २०२५ ची ५०,००० दिसते. आर्थिक वर्षाने २०२३-२४ ची ५५,००० आणि २०२४-२५ ची ९०,००० होते. नोंदी त्याच चार. पहिल्या हिशेबाने धंदा बसला, दुसऱ्याने वाढला. एसक्यूएलमध्ये यावर साधी युक्ती आहे : प्रत्येक तारखेतून तीन महिने वजा करायचे आणि मग वर्ष काढायचे. एप्रिल तेव्हा जानेवारीच्या जागी येतो आणि आर्थिक वर्ष आपोआप जुळते.

आणखी दोन खड्डे. ज्या महिन्यात एकही नोंद नाही, त्या महिन्याची ओळच ‘ग्रुप बाय’ देत नाही, शून्यही दाखवत नाही. मे महिना यादीत नसेल तर विक्री झाली नाही की नोंद झाली नाही, हे कळत नाही. त्यासाठी सगळ्या महिन्यांचा वेगळा तक्ता करून त्याला नोंदी जोडाव्या लागतात. दुसरा खड्डा घड्याळाचा. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे चारला केलेली नोंद तिथे ३१ मार्चला रात्री साडेदहाची ठरते आणि मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. वेळ आधी भारतीय करून घ्यायची आणि मग गट पाडायचे, हा क्रम चुकवू नये.

बेरजेच्या बळावर कारभार

१७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांना बाजूला सारून बारभाईंनी कारभार हाती घेतला. त्यात सखारामबापू बोकील होते आणि नाना होते. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या पोराच्या नावाने राज्य सुरू झाले. मोरोबादादांनी १७७८ मध्ये उलट खाल्ली, त्यांना कैदेत जावे लागले. इंग्रजांशी १७७५ पासून सुरू असलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले.

या सगळ्या काळात नाना क्वचितच रणांगणावर दिसतात. ते युद्धाचे माणूस नव्हतेच, भित्रे होते असेही अनेकांनी लिहिले आहे. पण फौज उभी ठेवायची तर कोणत्या महालातून कोणत्या महिन्यात किती रक्कम येणार, सावकाराचे किती फेडले, सरदाराची किती बाकी, हे ज्याला कळते तोच सात वर्षे युद्ध रेटू शकतो. महादजी शिंदे उत्तरेत पराक्रम करत आणि त्यांचा पुण्याशी तंटा चाले तो पुष्कळदा हिशेबावरूनच : हिंदुस्थानातून आलेले किती, फौजेवर खर्चलेले किती, पेशव्यांना येणे किती. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वारले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर मिळालेला विजय हा नानांच्या कारभाराचा कळस.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. राज्याचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या नानांची स्वतःची संपत्ती अफाट होती आणि ती कोणत्याही एकबेरजेत नव्हती. कोवळ्या पेशव्यावर त्यांनी ठेवलेली नजर इतकी घट्ट की सवाई माधवरावांना श्वास घेणे मुश्कील झाले. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी वाड्याच्या कारंज्यावर पडून जखमी झालेले सवाई माधवराव वारले. उडी की अपघात, हा वाद अजून चालू आहे.

मक्ता आला, बेरीज थांबली

दुसरे बाजीराव १७९६ च्या डिसेंबरात गादीवर आले. वर्षभरात, ३१ डिसेंबर १७९७ ला, दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने धरले. अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांना ठेवले. १७९८ मध्ये सुटून ते पुन्हा कारभारात आले, पण आता हात बांधलेले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नऊ लग्ने होऊनही मागे पुत्र नव्हता, होती ती बालवयातील पत्नी जिऊबाई.

नानांच्या मागे दफ्तराची दशा झाली. बाजीरावांनी मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावेल त्याला महाल, तोही बहुधा वर्षाच्या करारावर. बाजीरावांच्या दृष्टीने हे सोयीचे होते : ठरलेली रक्कम आली की झाले. मग दरखदार कशाला आणि महिन्याची तेरीज कशाला? गावोगावचे हिशेब पुण्याला येणे बंद होत गेले. एकबेरीज दफ्तर वाऱ्यावर पडले, लोक त्यातले कागद उचलून नेऊ लागले आणि कोणी अडवले नाही.

रोजच्या नोंदी गेल्या आणि सालाचा एक आकडा तेवढा उरला, की त्या आकड्यामागे काय चालले आहे हे कळायचा रस्ताच बंद होतो. मक्तेदाराला पुढच्या वर्षी महाल आपल्याकडे राहील याची खात्री नव्हती, त्यामुळे या वर्षी पिळून घेणे हेच त्याच्या हिताचे. खान्देशात तर संकटावर संकट. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडवला, लगेच १८०३-०४ चा दुष्काळ. गावे ओस पडली, शेतात रान माजले, डोंगरातील भिल्लांची जुनी वतने बुडाल्याने वाटा धोक्याच्या झाल्या. नानांच्या काळात अशा महालाची तेरीज दोन महिने आली नसती तरी पुण्यात कोणीतरी विचारले असते. आता विचारणाराच उरला नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टन यांनी नव्या मुलखाचा कारभार लावायला घेतला, खान्देशात कॅप्टन ब्रिग्ज आले आणि धुळे हे ठाणे झाले. कोणत्या गावाचा वसूल किती, हे ठरवायला पुण्याचे दफ्तर उघडले. एल्फिन्स्टन यांचे सहायक मॅक्लिऑड यांना दिसले ते असे : नानासाहेब पेशव्यांपासून १७९६ पर्यंतचे हिशेब नीट लावलेले, आणि त्यानंतरच्या सालांत खिंडारे.

हे कागद आज कुठे आहेत?

पेशवे दफ्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. कापडी रुमालांत बांधलेल्या हजारो गठ्ठ्यांत बहुतेक कागद मोडीत आहेत. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले. त्यांत राजकारणाची पत्रे भरपूर आहेत. रोजकीर्दी आणि तेरजा बहुतांश अजून रुमालांतच आहेत. नानांचा खासगी पत्रसंग्रह वाईजवळ मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात होता. तो मेणवली दफ्तर या नावाने ओळखला जातो. इतिहासकार द. ब. पारसनीस यांच्या संग्रहातून तो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

या हिशेबांतील ओळी संगणकाच्या तक्त्यात चढवायच्या झाल्या, तर पहिला रकाना तारखेचा असेल. त्यात शुहूर साल, चांद्र महिना, चंद्र आणि अव्वल की आखेर, असे चार भाग वेगवेगळे लिहावे लागतील.